कमरेची शिवण

लढाईत कामी आलेल्या तरुण लेफ्टनंटची ट्रंक घेऊन जवान त्याच्या बापाच्या टेलरिंगच्या दुकानात आला. बापाने ट्रंकेतली वरची पँट उलटी केली, कमरेची शिवण चष्म्याजवळ नेली आणि त्याचा चेहरा उजळला. “ही माझ्या पोराची नव्हेच! त्याची मी शिवली होती. कंबर बघा, केवढीशी! असले वेडेवाकडे टाके मी जन्मात घातले नाहीत. तुमची गल्लत झालीय. पोरगा धडधाकट असेल!” बायको दारातच थबकली. जवान चाचरला. “काका, साहेब आघाडीवर रोडावले. मग स्वतःच कंबर आत घेतली.” “काहीतरीच! फोनवर म्हणायचा, जाड झालोय. सुईला मी त्याला कधी हात लावू दिला?” बोलता बोलता अंगठा शिवणीच्या टोकाशी अडला. आत दडवलेली दुहेरी गाठ, हुबेहूब बाप घालतो तशीच. “अगं,” तो बायकोकडे वळला, “हे पोरगं माझ्या हातांकडे कधी बघत होतं?”