मागून जेवणाऱ्या

आईनं आयुष्यभर पर्यटकांसाठी खानावळ चालवली, स्वतः कधी बाहेर जेवली नाही. शेवटी मीच तिला आणि बाबांना थळला, किनाऱ्यावरच्या हॉटेलात नेलं. तांदळाची पहिली भाकरी टम्म फुगून आली, आईनं ती सवयीनं बाबांच्या ताटात वाढली. दुसरी माझ्या. तिसरी घेऊन तर शेजारच्या टेबलाकडे निघाली. "आई, बस ना!" मी वैतागले. "लोकांचं होऊ दे, मी मागून खाते." चुलीपाशी बसलेल्या बाईनं हे ऐकलं. तव्यावरची भाकरी हातानंच उचलून आली, आईच्या ताटात ठेवून समोर उभीच राहिली. "मोडा आधी, मावशी. मंग दुसरी टाकते." आईनं भाकरी मोडली. वाफ थेट तोंडावर आली. तिनं दोन घास खाल्ले. मग त्या बाईला विचारलं, "तू जेवलीस गं?" "मागून जेवीन." आईनं अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "गरम हाय तवर खा."