बिनचमकीचं रिव्हॉल्व्हर

ओलं फडकं उलगडलं आणि रिव्हॉल्व्हरच्या नळीवर तांबूस ठिपके दिसले. म्हाताऱ्या पॉलिशवाल्याने आधी चष्म्याला दोष दिला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. ठिपके आणखी स्पष्ट दिसू लागले.

स्टेनलेस स्टीलला गंज! चाळीस वर्षं तो गिऱ्हाइकांना छातीवर हात ठेवून सांगत आला होता, "तुम्ही गंजाल, हे नाही गंजणार." आणि गस्तीच्या अधिकारी मॅडम नमुना पाहायला पंधरा मिनिटांत येणार होत्या.

काम सोपं होतं. निदान त्याने तसं जाहीर केलं होतं. नदीवर गस्त घालणाऱ्या पोलिसांची रिव्हॉल्व्हरं उन्हात लखलखायची आणि वाळूचोर पलीकडच्या काठावरूनच सावध व्हायचे. म्हणून खात्याला चमक नको होती. बंद पेटीत काचेचे बारीक मणी हवेच्या जोराने मारून स्टील राखाडी करायचं. मग दोन दिवस ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायचं आणि डाग पडला नाही, तर वर संरक्षक थर चढवायचा. नमुना पसंत पडला की सगळ्या चौक्यांचं काम मिळणार होतं. ते त्याच्या मुलीने खटपट करून आणलं होतं. वर्कशॉप आता तीच चालवायची. "हे हातचं गेलं, तर पुन्हा आपल्या दारांच्या मुठी आणि जिन्यांचे कठडे," ती म्हणाली होती.

त्याला हे काम मुळातच पटलं नव्हतं. बाजारात सगळे त्याला 'आरसेवाले' म्हणत. त्याने घासलेल्या कठड्यात बघून लोक भांग पाडत. जन्मभर चमक आणली, आणि म्हातारपणी ती घालवायची? "हे म्हणजे गवयाला घसा बसवून घ्यायला सांगण्यासारखं आहे," तो म्हणाला होता. हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की दिवसभरात त्याने ते चार जणांना ऐकवलं. मुलीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "बाबा, मणी नवे वापरा. आणि पेटी आधी धुऊन घ्या."

पेटी धुतली नाही. नव्या मण्यांची गोणी कोपऱ्यात शिवलेली तशीच होती. जुने मणी चांगले होते की! मागच्याच आठवड्यात त्यांनी एक लोखंडी फाटक लख्ख केलं होतं. त्या फाटकाचा भुगा मण्यांत राहिला, मण्यांबरोबर रिव्हॉल्व्हरवर जाऊन बसला आणि ओल्या फडक्यात दोन दिवस आरामात गंजला. लोखंडावर वापरलेले मणी स्टीलवर मारायचे नाहीत, हे तो प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी बजावत असे. बजावताना बोटही नाचवत असे.

आता काय? बफच्या फिरत्या कापडी चाकावर धरलं तर ठिपके जातील, पण चमक येईल. त्याची कला नेमकी आज कुचकामाची होती. मग त्याला आपली दुसरी कला आठवली. तिच्यात तो पॉलिशपेक्षाही तरबेज होता. काम फिकं उतरलं, तर विजेचा दाब कमी. ओरखडा राहिला, तर बफ नकली. बायकोने एकदा विचारलं होतं, "लग्न झाल्यापासून तुमची स्वतःची एक तरी चूक सांगा." त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं होतं. एकही सापडली नव्हती.

मॅडम पाच मिनिटं आधीच आल्या. मागोमाग मुलगी आली. मॅडमनी हात पुढे केला आणि त्याला रिव्हॉल्व्हर द्यावंच लागलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन उन्हात फिरवलं.

"चमक अजिबात नाही. छान." मग त्या थांबल्या. "पण हे डाग कसले? आमचं स्टीलच हलकं निघालं की काय?"

देवाने ताटात वाढून दिल्यासारखं झालं. फक्त "हो" म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलं आणि मुलीकडे पाहिलं. ती ओठ मिटून उभी होती. विजेच्या दाबाचा विषय निघाला की तिची आई अगदी तशीच उभी राहायची.

"नाही मॅडम," तो म्हणाला. "स्टील चांगलंय. मी लोखंडावर वापरलेले मणी मारले. पोरीने दहादा बजावलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी आहे. तिचं काम काढून घेऊ नका."

बोलून झाल्यावर त्याला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आता डोळ्यांत पाणी येईल, असं वाटून तो क्षणभर थांबलाही. पण आलं नाही.

मुलीने टेबलाचा खण ओढला. आतून आणखी एक ओलं फडकं काढलं आणि उलगडलं. त्यातलं रिव्हॉल्व्हर सगळीकडून सारखं राखाडी होतं. ठिपका औषधालाही नव्हता.

"मॅडम, नमुना हा आहे. परवा रात्री पेटी धुऊन, वेगळे नवे मणी आणून मी केलेला. बाबांच्या हातात मी ठेवलं ते तुम्ही सरावासाठी दिलेलं, बाद झालेलं."

मॅडमनी तेही उन्हात फिरवलं, नळीवरून अंगठा ओढला आणि मान डोलावली. "पसंत. चढवा थर."

म्हातारा हळूच स्टुलावर टेकला. आयुष्यातला पहिला कबुलीजबाब, तोही भंगारात काढलेल्या वस्तूवर खर्ची पडला होता.

"म्हणजे मी माती खाणार, हे तुला आधीच ठाऊक होतं?"

"तुम्ही माझं ऐकणार नाही, हे मी धरूनच चालले होते, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "कबूल कराल, हे नव्हतं धरलं."