मसुराएवढा छेद

"बाई, तुमचा पाय दुखत नाहीये," तंत्रज्ञ पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. कृत्रिम पायाच्या सॉकेटचा, म्हणजे पाय ज्यात बसतो त्या खोबणीचा, आणि गुडघ्याखाली उरलेल्या पायाचा वक्र पृष्ठभाग संगणकाने ताडून पाहिला होता. हाडाच्या टोकाशी ते दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना कुठेच छेदत नव्हते, म्हणजे सॉकेट पायात कुठेच रुतत नव्हतं. छेद नाही म्हणजे दुखणं नाही, असा आता नियमच होता.

दमयंती सोनकांबळेचं डोकं फिरलं. तीन महिने ती हेच ऐकत होती. "पाय माझा, आणि दुखतो की नाही ते हा ठरवणार?"

तिने पर्समधली लिपस्टिक काढून हाडाच्या टोकावरच्या कातडीला फासली, कृत्रिम पाय चढवला आणि दातओठ खात खोलीभर चालली. मग तो उतरवून तिने टेबलावर आदळला.

"घाला आत हात."

त्याचं बोट लाल होऊन बाहेर आलं. तो ओशाळला. "मसुराएवढा छेद असेल. इतका लहान कधीकधी गणितातून निसटतो."

"माझ्या पायातून नाही निसटला."

त्याने अहवालावर छापलेलं 'वेदना नाही' खोडलं आणि पेनाने 'आहे' लिहिलं.

"सही करा," दमयंती म्हणाली, "आणि माझ्यामागे बाहेर जे बसलेत, त्यांनाही आधी विचारा."