चालीवरून ओळख

"काका, दारापर्यंत एकदा चालून दाखवा," फरजाना म्हणाली.

मिरजेच्या निवारा केंद्रात दोन वर्षांपासून राहणारा तो म्हातारा काठी टेकत उठला. लकव्याने त्याची वाचा गेली होती आणि लिहिता येत नव्हतं. बोटांचे ठसे कष्टाने झिजलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. तो कोण, हे कुठल्याच यंत्राला सांगता आलं नव्हतं. फरजानाने आणलेलं यंत्र मात्र चालण्यावरून माणूस ओळखायचं. सोलापुरात बंद पडलेल्या यंत्रमागांच्या शेडी जिल्ह्याने अशी यंत्रं बनवणाऱ्यांना नाममात्र भाड्याने दिल्या होत्या, आणि चालीचे नमुने हवेत म्हटल्यावर हजारो सोलापूरकर हौसेने तिथे चालून दाखवून आले होते.

पडद्यावर 'नोंद नाही' असं उमटलं.

"लकव्याने चाल बदलली असणार. राहू दे," केंद्र चालवणाऱ्या मगदूमबाई हळूच म्हणाल्या.

फरजानाने यंत्राला फक्त धडधाकट डावा पाय बघायला लावला. "काका, आणखी एकदाच."

म्हातारा घामाघूम होत पुन्हा चालला. या वेळी नाव आलं: नरसय्या बोल्ली, सोलापूर.

"नरसय्या?" मगदूमबाईंनी हाक मारली. त्याने झटकन मान वळवली.

नोंदीतल्या नंबरवर लावलेल्या व्हिडिओ कॉलवर त्याची मुलगी अरुणा दिसली. डोळे पुसत ती ओरडली, "नाना, मी निघालेच! तिथंच बसा. आता कुठ्ठं चालत जायचं नाही!"

नरसय्या मटकन खुर्चीत बसला आणि खांदे गदगदा हलवत पोटभर हसला.