गवतावरच्या चादरी

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंसमोर मी एक जुनं डच निसर्गचित्र टांगलं होतं. भरून उरलेलं आभाळ आणि खाली गवतावर चादरी वाळत घालणाऱ्या बायका.

सासूबाईंना कुशीवरही मीच वळवायचे. चादरी धुऊन हात सोलवटले, तेव्हा चित्राला थट्टेनं म्हटलं, "बायांनो, आमचीही एक घ्या की."

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या अंगाखाली शुभ्र चादर होती, गवताचा वास येणारी. मग रोजच. खोलात कोण शिरतंय? मी चित्राला हात जोडायचे.

"फार अलगद उचलतात गं मला," सासूबाई म्हणायच्या.

आज पलंगावर नुसती गादी आहे. चित्रात आमची निळ्या काठाची चादर उन्हात पसरलीय, आणि तिच्यावर निजलेल्या सासूबाई आत्ताच, कुणीही हात न लावता, कुशीवर वळल्या.