एका शब्दाचे साहेब

नकाशा विभागातल्या कॉम्प्युटरवर नाव आणि पासवर्ड टाकला, तरी पडदा काळाच राहायचा. त्यावर चित्रं आणि माऊसचा बाण आणायचा तर आणखी एक शब्द टाइप करावा लागे, आणि तो फक्त सिस्टिमवाल्या साहेबांना ठाऊक होता. रोज सकाळी बोलावणं गेलं, की साहेब हातात कप घेऊन डुलत यायचे, "तोंडं फिरवा तिकडे," म्हणायचे आणि शब्द टाइप करून एंटर दाबायचे. विभागातल्या सगळ्यात जुन्या ड्राफ्ट्समन बाईंनी एकदा तो शब्द विचारला, तेव्हा साहेब फिस्सकन हसले. "बाई, तुम्ही आपल्या रेघा ओढा. हे डोक्याचं काम आहे."

मग साहेबांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताच त्यांनी फोन उशाशी मागून घेतला. आता सगळं ऑफिस आपल्या नावाने टाहो फोडणार, याची त्यांना खात्री होती. पण फोन काही वाजेना. शेवटी न राहवून त्यांनीच बाईंना फोन लावला.

"काम ठप्प असेल ना?"

"छे हो, छान चाललंय. तुम्ही आराम करा."

"आणि तो काळा पडदा?"

"स्टार्ट-एक्स टाइप करतो की आम्ही! तुम्ही रोज पुटपुटत टाइप करता, सगळ्यांना पाठ झालंय."

साहेबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग इतकी वर्षं मला कशाला बोलावत होता?"

 

"अहो, दुसरं कुठलं काम सांगायचं तुम्हाला?"