एका गाडीचा अडसर

सव्वाअकरा वाजले तरी पिवळी गाडी तसूभर हलली नव्हती. रालित्साच्या हातातल्या परवान्यावर पालिकेचे तीन शिक्के होते आणि तिन्ही शिक्क्यांचं म्हणणं एकच होतं. बाराच्या ठोक्याला रस्त्यावर एकही गाडी दिसता कामा नये. दिसली, तर ‘शेजार महोत्सव’ रद्द. या परवान्यासाठी तिने दोन वर्षं पालिकेचे उंबरठे झिजवले होते. राजधानी सोफियाहून बँड आला होता. साठ खुर्च्या मांडून झाल्या होत्या. बाकीच्या गाड्या पहाटेच पलीकडच्या गल्लीत नेऊन कोंबल्या होत्या आणि त्या गल्लीतले लोक सकाळपासून तिच्या नावाने बोटं मोडत होते. उरली होती ती एवढी एकच, मानोलकाकांची बंद पडलेली.

गाडी उचलून नेणारा क्रेनवाला नऊ वाजता आला होता. पण रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या रखवालदाराने त्याला आतच सोडलं नाही. “आज वाहनांना बंदी आहे.” क्रेनवाल्याने वाद घातला नाही. रविवार होता. तो घरी जाऊन झोपला.

म्हणून मग गाडी ढकलायचं ठरलं.

स्टिअरिंगवर स्वतः मानोलकाका बसले. वय अठ्ठ्याहत्तर. अंगात कोट, डोक्यावर टोपी, लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखे. बायको गेल्यापासून काका आणि गाडी दोघंही फारसे जागचे हलले नव्हते. तळमजल्यावरचा न्हावी आणि रालित्सा मागून रेटत होते. प्रकरण तिथेच आटोपलं असतं, पण तिसऱ्या मजल्यावरच्या हारालांबीला खिडकीतून नुसतं बघणं असह्य झालं. तो बनियनवरच खाली आला.

या इमारतीतले लोक एकमेकांना अगदीच ओळखत नव्हते असं नाही. कोणी मेलं की फोटोसकट शोकपत्रिका खालच्या दारावर चिकटवली जायची आणि वर कोण राहत होतं ते सगळ्यांना कळायचं. रालित्साने महोत्सवाचं पत्रक त्याच दारावर लावलं, तेव्हा चौघांनी तिला विचारलं होतं, “कोण गेलं?” ती इथे राहायला आली तेव्हा महिनाभर जिन्यात कोणी तिच्याशी चकार शब्द बोललं नव्हतं. महोत्सवाचं वेड तिने तेव्हाच डोक्यात घेतलं होतं.

“गिअरमध्ये अडकलीय ती!” हारालांबी ओरडला.

“गिअरमध्ये तुझं डोकं अडकलंय,” वरच्या बाल्कनीतून पेन्कामावशी म्हणाल्या. गालिचा कुणाच्या डोक्यावर झटकायचा, यावरून दोघांनी सहा वर्षं अबोला धरला होता.

“मग या ना खाली, दाखवा अक्कल!”

मावशी आल्या. येताना तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाजक्या ढोबळ्या मिरच्यांचं पातेलं घेऊन आल्या, कारण उपाशी माणसांनी कधी गाडी ढकलल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. पातेलं बॉनेटवर ठेवलं गेलं. त्याच्या शेजारी कुणीतरी ब्रेड ठेवला, कुणी चीज ठेवलं. न्हाव्याने घरची प्लमची दारू आणली आणि ‘वंगण’ म्हणून सगळ्यांना पाजली. दुसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या बहिणी उतरल्या. बँडमधला अकॉर्डियनवाला ढकलणाऱ्यांना ठेका धरून देऊ लागला.

एकदा गाडी वीतभर सरकली. असा काही कल्ला झाला की खुर्च्यांवरची कबुतरं उडाली. मग ती पुन्हा गच्चकन थांबली. लोकांनी आधी चाकांना शिव्या घातल्या, मग सरकारला घातल्या, आणि पुन्हा मिरच्या सोलायला बसले. हारालांबी मावशींना आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिगत सांगत होता. मावशी चक्क ऐकत होत्या.

बाराला दहा कमी असताना रालित्साचा फोन वाजला. उपमहापौर निघाले होते. तिने कार्यक्रमपत्रिका पाहिली. बारा ते पावणेएक, उपमहापौरांचं भाषण, विषय ‘हरवलेला शेजार’. पावणेएक ते एक, शेजाऱ्यांचा परिचय. छातीवर लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या पेटीत तयार होत्या.

ती धावत गाडीच्या खिडकीशी गेली. तिचे डोळे भरून आले होते.

“काका, काहीतरी करा हो. माझी दोन वर्षं पाण्यात चालली आहेत.”

बोलता बोलता तिचं लक्ष खाली गेलं. त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता. नुसता टेकलेला नव्हता. सगळा भार देऊन रोवलेला होता आणि पोटरी थरथरत होती.

“काका!”

“हळू बोल, पोरी,” काका म्हणाले. “गाडी हलली की सगळे घरी जातील.”

रालित्साला प्रचंड संताप आला. सकाळपासून तिचे हात सोलवटले होते. एक हाक मारली असती तर हारालांबीने म्हाताऱ्याला अलगद उचलून बाजूला ठेवलं असतं आणि गाडी मिनिटभरात रस्त्याबाहेर गेली असती. तिने हाक मारायला मान वळवली. साठ खुर्च्या रिकाम्या होत्या. गाडीभोवती उभं राहायला जागा नव्हती. पेन्कामावशी एका जुळीला दुसरी समजून रागावत होत्या आणि हारालांबी हसून हसून बॉनेटवर आडवा झाला होता. त्याने रालित्साला पाहिलं. “अगं पोरी, तू खाल्लंस का काही? ये इकडे!”

चर्चची घंटा बाराचे टोल देऊ लागली.

रालित्साने परवान्याची घडी केली आणि खिशात टाकली. मग दोन्ही हात तोंडाशी धरून ती इमारतीकडे बघत ओरडली, “जोर कमी पडतोय! पाचव्या मजल्यावरच्यांनाही खाली बोलवा!”